घरगुती पोकर स्पर्धेसाठी संग्राह्य चिप्सचा संच पूर्ण करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोकरमध्ये पैज लावण्यासाठी वापरायच्या चकत्या, म्हणजे संग्राह्य चिप्स, जमवून त्यांवर प्रत्यक्ष स्पर्धा खेळवू इच्छिणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे साध्यापासून अवघडाकडे अशा क्रमाने दिले आहेत. उत्तरांत येणारे २५, १००, १,००० हे आकडे स्पर्धेतील मूल्ये आहेत. त्यांचा रोख रकमेशी संबंध नाही.

१. संच ‘पूर्ण’ झाला असे केव्हा म्हणावे?

केवळ संग्रह करणाऱ्याच्या दृष्टीने मालिकेतील प्रत्येक मूल्याची एकेक चांगली चिप हाती आली की काम झाले. खेळवणाऱ्याला मात्र वेगळे माप लावावे लागते. पहिले पान वाटल्यापासून शेवटचे दोन खेळाडू समोरासमोर येईपर्यंत सुट्यांसाठी एकदाही खेळ अडू नये आणि बाहेरची चिप, नाणे किंवा कागदाचा कपटा टेबलावर आणावा लागू नये, इतक्या चिप्स ज्या संचात आहेत तो पूर्ण संच. पुढील सर्व उत्तरे हेच माप धरून लिहिली आहेत. हजार चिप्स असूनही अपुरे ठरलेले संच आम्ही पाहिले आहेत, आणि चारशेहून कमी चिप्सवर दहा जणांची स्पर्धा विनाखंड पार पडलेलीही पाहिली आहे.

२. रोख खेळाच्या चिप्स आणि स्पर्धेच्या चिप्स यांत फरक काय?

रोख खेळातील चिपवर प्रत्यक्ष चलनातील मूल्य असते. स्पर्धेच्या चिपवर सहसा चलनाचे चिन्ह नसते, आणि तिला रोख मूल्य नाही असा स्पष्ट उल्लेख अनेकदा छापलेला असतो. कॅसिनो आपल्या स्पर्धांसाठी अशा चिप्स मुद्दाम वेगळ्या घडवून घेतात. घरच्या खेळासाठी दोन्ही चालतात. अडचण फक्त मूल्यांच्या श्रेणीची असते, कारण रोख चिप्समध्ये ५, २५, १०० ही मूल्ये भरपूर सापडतात, तर स्पर्धेला ५०० आणि १,००० च्या चिप्सही पुरेशा लागतात. यावरचा तोडगा सातव्या प्रश्नात आहे.

३. क्ले, सिरॅमिक आणि प्लास्टिक यांपैकी काय निवडावे?

ही तिन्ही नावे थोडी फसवी आहेत. ‘क्ले’ चिप निव्वळ मातीची नसते. ते दाबून घडवलेले मिश्रण असते, तिच्या कडेवरचे रंगीत पट्टे त्याच मिश्रणात बसवलेले असतात आणि मधोमध छापील इनले, म्हणजे आकडा आणि नाव असलेली पातळ चकती, दाबून एकजीव केलेला असतो. ‘सिरॅमिक’ चिप चिनी मातीची नसून कठीण रेझिनची असते, तिच्यावर कडेपर्यंत सलग छपाई करता येते. ‘११.५ ग्रॅम क्ले’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक चिप्स म्हणजे आत धातूची चकती घातलेले प्लास्टिक. अशा चिपला अनेकदा चुंबक चिकटतो, आणि ती टेबलावर टाकली की खणखणीत आवाज येतो. कॅसिनोच्या खऱ्या क्ले चिप्स बहुधा ९ ते १० ग्रॅमच्या आसपास भरतात, म्हणजे जास्त वजन हे दर्जाचे लक्षण धरता येत नाही.

संग्राहकांचा ओढा मुख्यतः पॉलसन चिप्सकडे असतो. त्यांच्या कडेने टोपी आणि काठी यांची उठावदार नक्षी फिरते, पृष्ठभागाला हलका खरखरीतपणा असतो, आणि वीस चिप्सची चवड हातात घेतली तरी ती घसरत नाही. त्या घडवणारी पॉल-सन गेमिंग ही कंपनी २००२ मध्ये फ्रान्सच्या बूर्गोन्य ए ग्रासे या कंपनीशी एकत्र आली, पुढे तिचे नाव गेमिंग पार्टनर्स इंटरनॅशनल झाले आणि २०१९ मध्ये ती जपानच्या एंजेल समूहाकडे गेली. टोपी-काठीचा हा साचा कॅसिनोंसाठी राखीव असल्याने घरगुती संग्राहकाला वापरून झालेल्या चिप्सवरच अवलंबून राहावे लागते. संच पूर्ण करण्याची सारी धडपड येथूनच सुरू होते. ज्याला ही धडपड नको आहे, त्याने हवी तेवढी पुन्हा छापून घेता येणारी सिरॅमिक चिप घ्यावी. त्यात काहीही कमीपणा नाही.

४. दहा खेळाडूंसाठी नेमक्या किती चिप्स लागतात?

सुरुवातीची चवड १०,००० ची आणि पहिले ब्लाइंड (पाने वाटण्यापूर्वी दोन खेळाडूंनी लावायच्या सक्तीच्या पैजा; स्पर्धा पुढे सरकते तशा त्या वाढतात) २५/५० असे धरू. प्रत्येकाला २५ च्या १२, १०० च्या १२, ५०० च्या ५ आणि १,००० च्या ६ चिप्स दिल्या, तर बेरीज बरोबर १०,००० येते आणि हातात ३५ चिप्स येतात. येथे १२ हा आकडा सहज निवडलेला नाही. २५ च्या चार चिप्स मिळून १०० होतात, म्हणून त्यांची संख्या चारच्या पटीत हवी. शिवाय २५ आणि १०० यांची एकत्रित बेरीज ५०० च्या पटीत आली, तरच वरची मूल्ये नीट बसतात. येथे ती ३०० अधिक १,२००, म्हणजे १,५०० येते.

दहा जणांच्या या चिप्स ३५० होतात. त्यांवर पाच रीबाय (बाद झालेल्या खेळाडूने नवी चवड घेऊन पुन्हा खेळात येणे) धरले आणि ब्लाइंड वाढल्यावर लहान चिप्स काढून घेताना बदली द्यायच्या मोठ्या चिप्स मोजल्या, तर संच असा बनतो : २५ च्या १२०, १०० च्या १२०, ५०० च्या ५०, १,००० च्या ९० आणि ५,००० च्या १५, एकूण ३९५. शंभर चिप्सच्या चार रॅकमध्ये तो पाच जागा रिकाम्या ठेवून मावतो.

५. वीस खेळाडू आणि दोन टेबले असतील तर हेच आकडे दुप्पट करायचे का?

दुप्पट केल्यास काम भागेल, पण लहान चिप्स विनाकारण जास्त होतील आणि त्याच मिळवण्यात वर्षे जातील. मोठ्या स्पर्धेसाठी ८, ८, ४, ७ ही वाटणी अधिक काटकसरीची आहे : २५ च्या आठ, १०० च्या आठ, ५०० च्या चार आणि १,००० च्या सात, म्हणजे २७ चिप्समध्ये १०,०००. वीस जणांसाठी दहा रीबायसह २५ च्या १६०, १०० च्या १६०, ५०० च्या ८०, १,००० च्या १९५ आणि ५,००० च्या २५, अशा ६२० चिप्स पुरतात. या वाटणीत सुरुवातीच्या अर्ध्या तासात सुटे मागण्याचे प्रसंग थोडे वाढतात. खेळाडू नवखे असतील तर चौथ्या प्रश्नातील बारांची वाटणी ठेवावी, कारण नवख्याला भरपूर चिप्स समोर असल्या की पैज लावताना अडखळायला होत नाही.

६. रीबायसाठी २५ च्या चिप्स वेगळ्या राखून ठेवाव्या लागतात का?

नाही. ही गल्लत फार जणांची होते. जो खेळाडू बाद झाला, त्याच्या लहान चिप्स टेबलाबाहेर गेलेल्या नसतात. त्या शेजाऱ्यांच्या चवडीत असतात. म्हणून रीबाय घेणाऱ्याला ५,००० ची एक आणि १,००० च्या पाच चिप्स द्याव्यात आणि त्याने त्यांतील एक-दोन चिप्सचे सुटे टेबलावरच करून घ्यावेत. ज्याच्याकडे लहान चिप्सचा ढीग साचलेला असतो, त्यालाही यात आनंदच असतो.

७. एका मूल्याच्या चिप्स कुठेच मिळत नाहीत. संच अर्धवट सोडावा का?

सोडू नये. आधी ते मूल्य खरोखरच लागते का, हे तपासावे. लगतच्या दोन मूल्यांत चार किंवा पाच पटींचे अंतर सर्वांत सोयीचे असते, दहा पटींपर्यंतचे चालून जाते, आणि दुपटीचे अंतर ही एक प्रकारची चैन असते. नेहमीच्या श्रेणीत ५०० आणि १,००० यांच्यामध्ये दुपटीचेच अंतर आहे, म्हणून या दोहोंपैकी एक मूल्य गाळता येते.

५०० नसतील, तर २५ च्या ८, १०० च्या १८ आणि १,००० च्या ८ अशी वाटणी करावी. १,००० नसतील, तर २५ च्या ८, १०० च्या ८, ५०० च्या ८ आणि ५,००० ची एक द्यावी. दोन्ही वाटण्यांची बेरीज १०,००० च आहे. पहिलीत १०० च्या चिप्स जास्त लागतात; दुसरीत पाच हजारांची चिप पहिल्याच डावापासून समोर असते आणि तिचे सुटे वारंवार करावे लागतात. आमचे मत पहिलीच्या बाजूने आहे.

हाती केवळ रोख खेळाच्या चिप्स असतील, तर स्पर्धेचीच पट्टी खाली आणावी. ५ च्या १०, २५ च्या १०, १०० च्या ७ आणि ५०० च्या २, अशी २,००० ची चवड द्यावी आणि ब्लाइंड ५/१० पासून सुरू करावेत. २५/५० ला १०,००० आणि ५/१० ला २,००० ही दोन्ही मोठ्या ब्लाइंडच्या दोनशे पटच आहेत, त्यामुळे ब्लाइंडच्या मानाने चवड किती मोठी, यात काडीचाही फरक पडत नाही. समोर मोठे आकडे पाहण्याची हौस सोडली, की अडून बसलेले कितीतरी संच त्याच दिवशी पूर्ण होतात.

८. आधी कोणत्या चिप्स घ्याव्यात?

संख्येने सर्वांत जास्त लागणाऱ्या नव्हे, तर सर्वांत दुर्मीळ असलेल्या चिप्स आधी घ्याव्यात. २५ च्या चिप्स कॅसिनोंच्या माळ्यांवरून रॅकच्या रॅक बाहेर येतात आणि पुन्हा येत राहतात. ५,००० च्या मुळात घडवलेल्याच थोड्या असतात, आणि त्यांतल्याही एकेक चिप संग्राहकांच्या अल्बममध्ये जाऊन बसते. ज्याने आधी २५ च्या दोनशे घेतल्या आणि मग वरच्या मूल्यांचा शोध सुरू केला, तो विक्रेत्याच्या मर्जीवर राहतो. वरची मूल्ये हाती नसतील तोवर खालच्यांची मोठी खरेदी करू नये, हा आमचा आग्रहाचा सल्ला आहे.

९. एकाच साच्याच्या, एकाच कॅसिनोच्या चिप्स घेतल्या, तरी जुन्या आणि नव्या जुळत नाहीत. असे का?

याची कारणे तीन आहेत, आणि तिन्ही छायाचित्रात लपतात. पहिले म्हणजे रंगाची खेप : वेगवेगळ्या वेळी घडवलेल्या चिप्सच्या मिश्रणात छटेचा फरक पडतो. दुसरे, इनलेची आवृत्ती बदललेली असते. अक्षरांची जाडी किंवा पृष्ठभागाची चकाकी निराळी असते. तिसरे कारण सर्वांत त्रासदायक आहे, ते म्हणजे झीज. वापराने चिपच्या कडा गोलावतात, नक्षी बसते आणि जाडीही कमी होते.

आम्ही स्वतः १,००० च्या साठ चिप्स एका विक्रेत्याकडून छायाचित्र पाहून घेतल्या होत्या. पिवळा रंग तोच होता, पट्टे तेच होते. काचेच्या टेबलावर आमच्या जुन्या वीस आणि या नव्याने आलेल्या वीस अशा दोन चवडी शेजारी ठेवल्या आणि वर सपाट पट्टी आडवी टाकली, तेव्हा ती एका बाजूला कलली. आमची चवड पाऊण चिपेएवढी उंच होती. स्पर्धेत समोरच्याच्या चिप्स उंचीवरूनच अजमावल्या जातात, त्यामुळे अशी तफावत डोळ्याला खुपण्यापुरती राहत नाही, ती मोजणीही चुकवते. तेव्हापासून मोठ्या खरेदीआधी चार-पाच नमुने मागवण्याचा आणि विक्रेत्याकडून पट्टीशेजारी ठेवलेल्या वीसच्या चवडीचे कडेने काढलेले छायाचित्र घेण्याचा आमचा रिवाज आहे.

झीज वेगवेगळी असलेल्या चिप्स आधीच घेऊन झाल्या असतील, तर त्या मूल्यानुसार वेगळ्या पाडाव्यात : झिजलेल्या सगळ्या १०० च्या, करकरीत सगळ्या १,००० च्या. एकाच मूल्यात दोन्हींची सरमिसळ टाळली, की खेळात अडचण येत नाही.

१०. रंगांचा काही सर्वमान्य क्रम आहे का?

बंधनकारक असा नाही. अमेरिकी कॅसिनोंच्या रूढीत ५ ला लाल, २५ ला हिरवा, १०० ला काळा आणि ५०० ला जांभळा रंग असतो. स्पर्धांत १,००० बहुधा पिवळ्या असतात. वेगवेगळ्या कॅसिनोंच्या चिप्स एकत्र करून संच बनवत असल्यास ही रूढी पाळलेली बरी, कारण खेळाडू आकडा वाचण्याआधी रंग ओळखतो. आपल्या खोलीतील दिव्याखाली रंगांची परीक्षा मात्र अवश्य घ्यावी. पिवळसर, मंद उजेडात जांभळी आणि काळी चिप दोन हातांवरून सारखीच दिसते. अशा वेळी कडेच्या पट्ट्यांचा रंग भिन्न असेल तरच निभावते.

११. चालू असलेल्या कॅसिनोच्या चिप्स घरच्या संचात वापरता येतील का?

आम्ही तसा सल्ला देत नाही. अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या जुगारविषयक नियमावलीच्या १२ व्या प्रकरणानुसार चिप ही कॅसिनोचीच मालमत्ता राहते आणि कॅसिनो धारकाला जे देणे लागतो, त्याची ती खूण मानली जाते. शिवाय रोख मूल्य जिवंत असलेली चिप स्पर्धेत वापरली, तर खिशात गेलेली प्रत्येक चिप म्हणजे खरे नुकसान ठरते. बंद पडलेल्या कॅसिनोच्या किंवा रोख मूल्य नसलेल्या चिप्सच घ्याव्यात. नेवाडात बंद होणाऱ्या कॅसिनोला चिप्स परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावावी लागते, म्हणूनच तिथल्या अनेक संचांतले फार थोडे नग शिल्लक आहेत. बाद केल्याची खूण म्हणून भोक पाडलेल्या किंवा कडेला खाच मारलेल्या चिप्सही बाजारात येतात. त्या खेळायला चालतात, मात्र खाच असलेली चवड हातात नीट फिरत नाही.

१२. मूल्य जुळावे म्हणून चिपवर नवे लेबल लावले, तर तिचे संग्रहमूल्य जाते का?

मूळ इनलेवर लावलेले लेबल जपून काढता आले, तर नुकसान मर्यादित राहते. इनले कोरून काढला, तर ती चिप संग्राह्य वस्तू म्हणून संपते. आमच्या दृष्टीने येथे एक रेघ आहे : मुबलक सापडणाऱ्या, आकडा नसलेल्या किंवा कमी मागणीच्या चिप्सना लेबल लावून वरचे मूल्य द्यावे, आणि दुर्मीळ चिपला हात लावू नये. मोजून शिल्लक राहिलेल्या वस्तूतून आणखी एक नग कायमचा वजा करणे हे संग्राहकाचे काम असू शकत नाही. लेबल इनलेपेक्षा किंचित लहान व्यासाचे घ्यावे, म्हणजे त्याची कड बोटाला लागून उचकटत नाही. आकडा नसलेल्या चिपचा तर एक फायदाच असतो, कारण तिला प्रत्येक स्पर्धेपुरते निराळे मूल्य तोंडी ठरवून देता येते.

१३. मळलेल्या क्ले चिप्स कशा स्वच्छ कराव्यात?

कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरेसे आहेत. दहा-दहा चिप्स घेऊन नक्षीतील मळ सोडवावा, लगेच पुसाव्यात आणि सपाट कापडावर एकेक मांडून पूर्ण वाळवाव्यात. ओल्या चिप्सची चवड रचू नये. भांडी धुण्याचे यंत्र, ब्लीच आणि ॲसिटोन वर्ज्य समजावे. सोनेरी ठशाचे आकडे असलेल्या चिप्सवर ब्रशही हलकाच फिरवावा, कारण तो ठसा वरवरचा असतो. धुतल्यावर क्ले पांढुरकी दिसते. खनिज तेलाचा अगदी पुसट हात फिरवून ती पुसली, की रंग परत येतो.

एक खबरदारी गंभीरपणे घ्यावी. जुन्या पॉलसन चिप्समध्ये वजनासाठी शिसे वापरलेले असते. त्या घासकागदाने घासू नयेत, त्यांना भोक पाडू नये, खेळानंतर हात धुवावेत आणि लहान मुलांच्या हाती त्या देऊ नयेत. इनले कोरण्याविरुद्धचे आमचे दुसरे कारण हीच शिसेयुक्त धूळ आहे.

१४. लहान चिप्स खेळातून काढून घेताना उरलेल्या सुट्या चिपांचे काय करायचे?

ब्लाइंड १००/२०० ला पोहोचले, की २५ च्या चिप्सचे काम संपते. चारच्या गटाने त्या बदलून दिल्यावर प्रत्येकाकडे फार तर तीन चिप्स उरतात. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन या पोकर स्पर्धा चालवणाऱ्यांच्या संघटनेच्या नियमांप्रमाणे त्यांच्यासाठी चिप रेस होते : पहिल्या आसनापासून सुरुवात करून प्रत्येक सुट्या चिपेमागे एक पान वाटले जाते, आणि ज्यांचे पान मोठे त्यांना नवी चिप मिळते. पाने सारखी आल्यास इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या क्रमाने निवाडा होतो. एका खेळाडूला एकाहून अधिक चिप मिळत नाही, आणि रेसमुळे कोणी स्पर्धेबाहेर जात नाही. ज्याची शेवटची चिप गेली असेल, त्याला खेळात उरलेल्या सर्वांत लहान मूल्याची एक चिप द्यावी लागते.

घरी वेळ वाचवण्यासाठी प्रत्येकाची उरलेली रक्कम वरच्या शंभरात पूर्ण करून दिली, तरी दहा जणांत फार तर ७५० वाढतात. १,००,००० च्या स्पर्धेत ते नगण्य आहे. मात्र कोणती रीत वापरायची, हे खेळ सुरू होण्यापूर्वीच सांगावे.

१५. बदलीसाठी ठेवलेल्या मोठ्या चिप्स मध्येच संपल्या, तर?

बहुतेक वेळा मोजणीत मधली पायरी राहून गेलेली असते. चौथ्या प्रश्नातील संचात २५ च्या चिप्स काढल्यावर ३,०००, १०० च्या काढल्यावर १२,००० आणि ५०० च्या काढल्यावर २५,००० एवढ्या मूल्याची बदली द्यावी लागते. हे तीन आकडे आधीच कागदावर मांडून त्या-त्या चिप्स वेगळ्या चवडीत ठेवल्या, तर प्रश्न उद्भवत नाही. ऐनवेळी तुटवडा पडलाच, तर काढून घेतलेल्या २५ च्या चिप्सना दुसरे मूल्य देऊन पुन्हा टेबलावर आणू नये. एकच चिप एका रात्रीत दोन मूल्यांची झाली, की वाद ठरलेलाच. त्याऐवजी ५०० च्या चिप्स ब्लाइंडच्या आणखी एक-दोन पातळ्या खेळात राहू द्याव्यात. चवडी उंच होतील, मोजणीला वेळ लागेल, पण हिशेब शुद्ध राहील.

१६. सुट्या चिप्स किती जास्तीच्या ठेवाव्यात आणि संच कसा सांभाळावा?

दर मूल्यात पाच टक्के जास्त असाव्यात. ५,००० च्या मात्र किमान तीन. क्ले चिप फरशीवर कडेने पडली, तर तिचा टवका उडतो, आणि तशीच दुसरी शोधायला पुन्हा वर्ष जाऊ शकते. संच रॅकमध्ये, उन्हापासून दूर ठेवावा. खेळ संपल्यावर चिप्स मोजूनच रॅक भराव्यात. वीसची एकेक ओळ भरली की कमतरता लगेच दिसते, आणि सोफ्याच्या फटीत गेलेली चिप पाहुणे निघण्यापूर्वी सापडते.

१७. संच अजून अपुरा आहे, पण स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहे. काय करावे?

खेळवावी. सर्वांत कमी असलेले मूल्य कोणते ते पाहून वाटणी सातव्या प्रश्नाप्रमाणे बदलावी, किंवा तेवढे एकच मूल्य पूर्णपणे दुसऱ्या प्रकारच्या चिप्सचे ठेवावे. उदाहरणार्थ, बाकी सगळ्या चिप्स क्ले आणि ५,००० च्या तेवढ्या सिरॅमिक. अर्ध्या या आणि अर्ध्या त्या असे एका मूल्यात करू नये. खेळ संपल्यावर कोणत्या मूल्याचे सुटे किती वेळा मागितले गेले, याची नोंद करावी. आमच्या वहीत अशा पहिल्या तीन स्पर्धांच्या नोंदी आहेत, आणि ५०० च्या ज्या चाळीस चिप्स आम्ही शोधत होतो, त्यांची मुळात गरजच नव्हती, हे आम्हाला त्या नोंदींवरूनच कळले.